लहान जमिनीचा ट्रॅक्टर
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने यंदा शेतीविषयक भाषणाची कामगिरी आमच्याकडे सोपविली, तेव्हा विषय निवडण्याची मोकळीकही दिली होती. जलसंधारण, द्राक्षांची निर्यात, सेंद्रिय खते असे भारदस्त विषय सुचविणारे हितचिंतक पुष्कळ भेटले. तथापि गेल्या दोन-तीन वर्षांत ज्ञातिबांधवांनी आम्हांस जो प्रश्न सर्वांत अधिक वेळा विचारला तो अगदी साधा आहे : "लहान ट्रॅक्टर घ्यावयाचा आहे, कोणता घ्यावा?" विचारणाऱ्याची अपेक्षा एका नावाची असते. जिवो, निओस्टार, व्हीएसटी, कॅप्टन, स्वराज अशी नावे त्याच्या ओठावर असतात आणि त्यांपैकी एकावर आम्ही बोट ठेवावे, एवढेच त्यास हवे असते. आम्ही तसे बोट ठेवीत नाही, म्हणून काही मंडळी रुष्टही होतात. न ठेवण्याचे कारण आज सविस्तर सांगावे, असा आमचा मानस आहे.

आपल्या समाजातील बहुसंख्य कुटुंबांची जमीन आता किती उरली आहे, हे प्रत्येकाने आपापल्या सातबाऱ्यावर पाहावे. १९७०-७१ साली पहिली कृषिगणना झाली, तेव्हा महाराष्ट्रातील सरासरी खातेदाराकडे ४.२८ हेक्टर, म्हणजे सुमारे साडेदहा एकर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आली. आजोबांच्या एका उताऱ्याचे आज तीन-चार उतारे झाले आहेत. जमीन अशी आखडत गेली; परंतु ट्रॅक्टरविषयीची आमची हौस मात्र साडेदहा एकरांच्या मापाचीच राहिली आहे. वधूवर मेळाव्यात परिचयपत्रावर "घरचा ट्रॅक्टर" असे लिहिलेले आम्ही स्वतः वाचले आहे. जमीन किती, पाणी किती, कर्ज किती, याचा उल्लेख मात्र त्याच पत्रावर शोधूनही सापडला नाही. लिहिणाऱ्याचा दोष नाही. तेच विचारले जाते, म्हणून तेच लिहिले जाते.

तेव्हा पहिला विचार ट्रॅक्टर कोणता हा नसून ट्रॅक्टर घ्यावा काय, हा आहे. त्याचे गणित आम्ही उदाहरणाने मांडतो. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. ट्रॅक्टर आणि आवश्यक अवजारे मिळून ६ लाख रुपये पडले आणि १० वर्षांनी त्यांचे २ लाख आले, असे धरू. म्हणजे दरसाल ४० हजारांची झीज झाली. गुंतलेल्या रकमेची सरासरी ४ लाख. तिच्यावर १० टक्के दराने व्याजाचे ४० हजार. विमा, तेल, टायर, दुरुस्ती यांचे २० हजार. एक लिटर डिझेल घालण्यापूर्वीच वर्षाचा खर्च १ लाख रुपये झाला. आता हा ट्रॅक्टर वर्षास ५०० तास चालला, तर तासास २०० रुपये पडले. २०० तास चालला, तर ५०० रुपये. आणि १०० तासच चालला, तर १,००० रुपये. यावर डिझेल आणि चालक वेगळे. आता गावातील भाड्याचा दर काय आहे तो यांच्याशेजारी मांडावा. तीन एकर कांदा आणि गहू करणाऱ्या घरी मशागतीचे तास वर्षाकाठी चाळीस-पन्नास भरले, तरी पुष्कळ. अशा घराने ट्रॅक्टर भाड्यानेच आणावा, हे आमचे स्पष्ट मत आहे. त्यात कमीपणा काहीच नाही.

द्राक्षबागेची गोष्ट निराळी आहे, आणि निफाड-दिंडोरीकडील आपल्या कुटुंबांचा प्रश्न मुख्यतः तिचाच आहे. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत फवारणीचा घोर लागलेला असतो. चार एकरांच्या बागेत ब्लोअरची एक फेरी व्हावयास दोन तास लागतात असे धरले आणि हंगामात अशा साठ फेऱ्या झाल्या, तर १२० तास फवारणीतच गेले. खरड छाटणीनंतरची मशागत, खत पसरणे, काडी बारीक करणे, क्रेट वाहणे हे वेगळेच. शिवाय येथे वेळेला किंमत आहे. केवडा, ज्यास आपण सारे डाऊनी म्हणतो, तो भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहत थांबत नाही. रात्री पाऊस झाला की पहाटे सर्वांनाच ब्लोअर हवा असतो, आणि ज्याच्या दारी तो उभा नसतो त्याची पाळी तिसऱ्या दिवशी येते. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातील अवकाळी पावसाने नाशिक जिल्ह्यातील बागांची जी दैना केली ती आपल्यापैकी अनेकांच्या घरी अद्याप फिटलेली नाही. अशा घरी ट्रॅक्टर ही चैन नव्हे. परंतु तो कोणता, हे बागेने ठरवावयाचे असते.

आम्ही सांगतो ती पहिली कृती ही की, विक्रेत्याच्या दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी माणसाने एक सुतळी आणि एक मोजपट्टी घेऊन बागेत जावे. दोन ओळींतील अंतर ९ फूट आहे, असे सारे तोंडपाठ सांगतात. परंतु ते खोडापासून खोडापर्यंतचे असते. ट्रॅक्टरला मिळणारी वाट त्याहून पुष्कळ अरुंद असते. जमिनीलगत ठिबकची नळी आणि वरंबा, कमरेच्या उंचीवर वाकडे गेलेले खोड, खांद्याच्या उंचीवर वाय पद्धतीच्या मांडवाचे हात आणि त्यांवरून लोंबणारी काडी, अशा तीन ठिकाणी मोजावे. आणि तेही छाटणीनंतर नव्हे, तर बाग पूर्ण फुटलेली असताना. जे माप सर्वांत लहान येईल तेच खरे. त्यातून दोन्ही बाजूंस वीतभर जागा सोडून उरेल ती ट्रॅक्टरची रुंदी. मांडव जुन्या सपाट पद्धतीचा असल्यास उंचीही मोजावी. कारण चालकाच्या डोक्यावरील संरक्षक कमान तारेत अडकते, असे म्हणून लोक ती कापून टाकतात. कमान कापू नये; दुमडणारी कमान मिळते, ती मागून घ्यावी. ओळ संपल्यावर वळावयास किती जागा आहे, तेथे ताणाच्या तारा कोठे रोवल्या आहेत, बांधावरून बागेत उतरणारी वाट किती फुटांची आहे, हेही कागदावर उतरवावे. ब्लोअर मागे ओढावयाचा असेल, तर ट्रॅक्टर वळतो म्हणून ब्लोअर वळेलच असे नाही.

हा कागद हाती असला की दुकानातील निम्मे ट्रॅक्टर आपोआप मागे पडतात, आणि विक्रेत्याशी बोलणेही सोपे होते.

दुसरी गोष्ट अश्वशक्तीची. पुढच्या बाजूस रंगविलेला आकडा इंजिनाचा असतो. रोटाव्हेटर आणि ब्लोअर फिरविणारी शक्ती मागच्या दांड्याकडून, म्हणजे पीटीओकडून येते, आणि ती नेहमीच काहीशी कमी असते. २४ अश्वशक्तीच्या यंत्राकडून तेथे वीस-बावीस मिळाली, तर ठीक समजावे. ब्लोअर विकणारा अमुक अश्वशक्ती लागेल असे सांगतो, तेव्हा ती इंजिनाची की पीटीओची, हे विचारून घ्यावे. १५ अश्वशक्तीच्या यंत्रावर तीन फुटी आणि २४ च्या यंत्रावर चार फुटी रोटाव्हेटर साधारणतः चालतो. परंतु आपली काळी जमीन ओली असताना चिकटते आणि वाळल्यावर दगडासारखी होते, म्हणून यंत्र मापाच्या काठावर घेऊ नये. रोटाव्हेटरची रुंदी दोन्ही मागच्या चाकांच्या बाहेरील कडांइतकी तरी असावी, नाहीतर एका बाजूस चाकाचा दाबलेला पट्टा तसाच राहतो.

तिसरी गोष्ट वजनाची, आणि तिच्याबद्दल आमचे मत काहींस पटणार नाही. जड ट्रॅक्टर ओढीस चांगला, हे खरे. परंतु वर्षातून साठ वेळा त्याच दोन चाकोऱ्यांतून जड यंत्र गेले, तर त्या चाकोऱ्यांखालची जमीन सिमेंटसारखी होते आणि पांढरी मुळी तेथे शिरत नाही. जमीन वाफशावर येण्यापूर्वी फवारणीस जावे लागते, हे द्राक्षशेतीचे दुर्दैव आहे. त्या वेळी हलके, रुंद टायरांचे आणि चारही चाकांना ओढ असलेले यंत्र उपयोगी पडते. चारही चाकांच्या ओढीचा प्रश्न येथेच संपतो : ओली जमीन किंवा चढ असल्यास ती घ्यावी, सपाट माळावर तिच्यावाचून अडत नाही, आणि डांबरी रस्त्यावर ती सोडवून ठेवावी, नाहीतर पुढचे टायर लवकर झिजतात.

वजनाचाच एक पोटविषय म्हणजे उचलण्याची ताकद. ट्रॅक्टरच्या मागे अवजार तीन बिंदूंवर जोडून हायड्रॉलिकने उचलण्याची आजची रीत हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञाने रूढ केली. १९३९ साली फोर्ड कंपनीच्या ट्रॅक्टरवर ती बसल्यानंतर लहान यंत्राने मोठी कामे होऊ लागली. या रीतीची मर्यादा अशी की, मागे उचललेले ओझे पुढची चाके हलकी करते. २०० लिटरच्या टाकीत पाण्याचेच वजन २०० किलो असते. त्यात पंप, पंखा आणि सांगाडा मिळविला म्हणजे ओझे दुप्पट होण्यास वेळ लागत नाही. पत्रकात ७५० किलो उचलतो असे छापलेले असते, पण ते ओझे जोडाच्या टोकाशी असताना. ते मागे सरकले की ताकद घटते. बांध चढताना पुढची चाके हवेत तरंगली आणि सुकाणू फिरेना, असा प्रसंग कोणत्याही घरी येऊ शकतो. मोठी टाकी हवी असेल, तर ती चाकांवरची, ओढावयाची घ्यावी, किंवा पुढे वजने लावावीत.

हे सारे आकडे विक्रेत्याच्या तोंडून ऐकण्याऐवजी वाचावे कोठे, असे विचाराल. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची शेतीयंत्रांचे प्रशिक्षण आणि चाचणी यांची संस्था १९५५ पासून आहे. तेथे ट्रॅक्टरची जी चाचणी होते तिच्या अहवालात पीटीओची खरी शक्ती, तासास लागणारे डिझेल, उचलण्याची ताकद, वळण्याचा व्यास, ब्रेक, आवाज आणि कंप यांची मोजमापे असतात. विक्रेत्याकडे त्या अहवालाची प्रत मागावी. घरातील एखादा अभियांत्रिकीचा विद्यार्थी तो सहज समजावून देईल; आपल्या मंडळाच्या गुणगौरव समारंभात अशी मुले दरवर्षी डझनभर तरी उभी राहतात, त्यांना या कामास जुंपावे.

किमतीविषयी फार बोलत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ही समाधानाची बाब होय. शासकीय अनुदान घ्यावयाचे असल्यास महाडीबीटीवर आधी अर्ज करून पूर्वसंमती हाती येईपर्यंत खरेदी करू नये. आधी घेतले आणि मागून अर्ज केला, तर अनुदान मिळत नाही. कर्जाचा हप्ता माल विकला जाण्याच्या महिन्याशी जुळवून घ्यावा. ही विनंती बँकेस आरंभी करावी लागते, करार झाल्यावर नव्हे. जुना ट्रॅक्टर घेणाऱ्याने नोंदणीपत्रावर बँकेचा बोजा उरला आहे काय ते प्रथम पाहावे, आणि मग अवजार वर उचलून इंजिन बंद करून अर्धा तास गप्पा माराव्यात. अवजार तेवढ्यात खाली बसले, तर हायड्रॉलिकच्या खर्चाची तयारी ठेवावी.

दोन चांगल्या यंत्रांत निवड करावयाची झाली, तर ज्याचा कारागीर जवळ आहे ते घ्यावे. येथे आमच्या पाहण्यातील एक गोष्ट सांगतो. आमच्या आप्तांपैकी एकाने दूरच्या शहरातून एक सुबक यंत्र स्वस्तात आणले. ऐन फुलोऱ्यात त्याची एक लहानशी तेलाची नळी फुटली. नळीची किंमत काहीशे रुपये. ती येण्यास नऊ दिवस लागले. पहिल्या तीन दिवसांत शेजाऱ्याने आपला ब्लोअर दिला, पुढे त्याचीच फवारणी आली. त्या वर्षी त्या बागेचा निम्मा माल गेला, आणि ट्रॅक्टरच्या किमतीत वाचलेले पैसे कोठे गेले हे कुणास सांगावे लागले नाही. म्हणून गावात त्या बनावटीची किती यंत्रे आहेत ते मोजावे. शेजाऱ्यांनी घेतले म्हणून आपणही घ्यावे, या वृत्तीस आम्ही एरवी हसतो. सुट्या भागांच्या बाबतीत मात्र ती शहाणपणाची आहे.

कोकणातील आपल्या बांधवांसाठी एकच वाक्य : भाताच्या लहान खाचरांत पॉवर टिलर जे काम करतो ते ट्रॅक्टरने होत नाही, आणि आंबा-काजूच्या उतारावर ट्रॅक्टर नेण्यापूर्वी पुढचा परिच्छेद दोनदा वाचावा.

ट्रॅक्टर उलटतो. लहान ट्रॅक्टर लहान आहे म्हणून उलटत नाही, ही समजूत घातक आहे. अरुंद असल्यामुळे तो आडव्या उतारावर अधिक लवकर कलंडतो. अडकलेले लाकूड किंवा रुतलेली गाडी ओढताना साखळी खालच्या ओढपट्टीसच बांधावी. वर, आसाच्या पातळीवर बांधली, तर पुढचा भाग उभा राहून यंत्र चालकावर मागे पडते, आणि हे घडावयास उडी मारण्याइतकाही वेळ मिळत नाही. कमान उभी असताना कमरेचा पट्टा बांधावा, दुमडलेली असताना बांधू नये. डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक शेतात वळण्यासाठी वेगळे असतात. रस्त्यावर येताना ते खिट्टीने एकत्र जोडले नाहीत, तर जोराने ब्रेक दाबताच ट्रॅक्टर एका अंगाने फिरतो. पीटीओच्या दांड्यावरचे प्लास्टिकचे आवरण मोडले, तर त्याच दिवशी नवे घालावे. मिनिटाला ५४० फेरे घेणाऱ्या दांड्यात पदर, ओढणी किंवा उपरणे सापडले, तर हात घालावयासही कोणी पोहोचत नाही. नातवंडांना चाकावरच्या पत्र्यावर बसवून मिरविण्याची हौस आम्ही सुट्टीत गावोगावी पाहतो. ती हौस आजोबांनी आवरावी, अशी या व्यासपीठावरून हात जोडून विनंती आहे.

पदराचा विषय निघाला, म्हणून भगिनींसाठी स्वतंत्र बोलले पाहिजे. आपल्या कित्येक घरांतील कर्ते पुरुष नाशिक-पुण्यास नोकरीवर आहेत आणि बाग प्रत्यक्षात वहिनी किंवा सासूबाई सांभाळतात. ट्रॅक्टर पाहण्यास मात्र चार पुरुष जातात. ज्या बाईस तो चालवावा लागणार तिला दुकानात न्यावे, आसनावर बसवावे, क्लच पुरता दाबून पाहावयास सांगावे. पाय पुरतो काय, गिअरचा दांडा हातात येतो काय, मागे वळून अवजार दिसते काय, हे तिने सांगावयाचे आहे. परवाना तिच्या नावे काढावा. एकदा ही सवय लागली, की फवारणीच्या दिवशी रजा काढून गावी धावण्याची पाळी पुरुषांवर येणार नाही.

आता शेवटचा आणि आमच्या दृष्टीने सर्वांत नाजूक भाग. चार चुलत भावांचे मिळून बारा एकर आहेत, बांधाला बांध लागून आहेत, आणि चौघांच्या दारी चार ट्रॅक्टर उभे आहेत, अशी घरे या सभेत बसलेली आहेत. नावे घेण्याचे कारण नाही. वर काढलेल्या हिशेबाने प्रत्येकाचे यंत्र वर्षास शे-सव्वाशे तास चालते. चौघांत एक असते, तर ते ४०० तास चालले असते आणि तीन घरांवरचे कर्ज उतरले असते. फवारणीच्या दिवशी एक यंत्र चौघांस पुरणार नाही, हा आक्षेप खरा आहे; म्हणून बारा एकर बागेस दोन घ्यावीत, पण चार नकोत. भागी टिकत नाही, असे म्हणतात. आमच्या पाहण्यात ज्या भाग्या मोडल्या, त्या बहुतेक पैशापायी नव्हे, तर न लिहिल्यापायी मोडल्या. नोंदणी एकाच्याच नावे होते. तेव्हा बाकीच्यांचा हिस्सा साध्या मुद्रांकित कागदावर लिहून चौघांनी सह्या कराव्यात. पाळीचा क्रम छाटणीच्या तारखेप्रमाणे असावा, वयाप्रमाणे नव्हे. पाऊस पडून गेल्यावर कुणाची बाग आधी, हेही आधीच ठरवून लिहावे, कारण त्या पहाटे कोणीही शांत डोक्याने बोलत नाही. ज्याच्या हातून मोडले त्याने भरावयाचे, की सर्वांनी, हे लिहावे. आमचा अनुभव सर्वांनी भरण्याच्या बाजूचा आहे, कारण नाहीतर मोडलेले लपविले जाते. तासमापकाचा आकडा आणि डिझेलचे लिटर यांची वही ट्रॅक्टरच्या अवजारपेटीत ठेवावी, आणि जो उतरेल त्याने उतरताना आकडा लिहून मगच किल्ली थोरल्या घरच्या खुंटीस लावावी.